मिठागराच्या वळणावरचा खबऱ्या

एखादी गाडी वळताना कुरकुरली की आजही माझे कान उभे राहतात आणि बोईसरकडची ती डिझेलचोरीची केस डोळ्यांपुढे येते. नोकरीत मी मोठ्या केसेस पाहिल्या. पण ही माझी स्वतःची म्हणतो मी, आणि म्हणणारच.

तेव्हा मी पोलीस ठाण्याच्या जीपवर चालक हवालदार होतो. सातवीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण गाडीच्या बाबतीत माझं म्हणणं कुणापुढे सोडलं नाही, साहेबांपुढेसुद्धा नाही.

खबर अशी होती की दांडी गावाच्या अलीकडे, मिठागराच्या पलीकडे सुरूच्या झाडांत एक पत्र्याची शेड आहे. दुपारी तिथे टँकर थांबतात, पाइप टाकून डिझेल काढतात आणि पिंपात भरतात. माणसं बाहेरची. खबर पक्की होती. आम्ही छापा घातला तर शेडमध्ये चार माणसं पत्ते खेळत बसलेली. पिंपं रिकामी, टँकर गायब. पुढच्या वेळी साहेबांनी कुठे जायचं ते गाडीत बसल्यावर सांगितलं. तरी तेच पत्ते आणि तीच माणसं. एकाने तर आम्हाला डाव मांडायला बोलावलं.

साहेबांचा संशय ठाण्यातल्या माणसावर गेला. आमचा एक तरुण शिपाई दांडीचा होता, कोळ्याचा पोरगा. गाव जवळ, ओळखी जवळ, म्हणून बोट त्याच्याकडे वळलं. साहेबांनी त्याचा मोबाइल काढून घेतला, केबिनमध्ये बसवून तासन्‌तास विचारपूस केली. त्याच्याविरुद्ध काही निघालं नाही, पण साहेबांनी निलंबनाचा प्रस्ताव टाइप करायला सांगितला. तो बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती. मला म्हणाला, "दादा, माजा बाप अजून होडीवर जातो. त्याला काय सांगू, वर्दी कशापायी गेली?"

मी पुष्कळ खोटं बोलणारे पाहिलेत. खोटा माणूस आधी स्वतःचं सांगतो, बापाचं नाही. माझी खात्री पटली. पण माझ्या खात्रीवर पंचनामा होत नाही.

दुसऱ्या दिवशी समन्स बजावायला दांडीकडे गेलो. मिठागराआधी नाल्यावरच्या मोरीवर रस्ता एकदम वळतो आणि बांधाला मोठा वळसा घालून पलीकडे जातो. पलीकडे एक म्हातारी मावशी बोंबील वाळत घालायची. मी गाडी उभी केली तर तिची सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. मी विचारलं, मी येतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मावशीने मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "तुजी गाडीच सांगते रं. मोरीवर वळली का वरडते. इथनं सगलं ऐकू येते."

पाणी तसंच हातात राहिलं माझ्या. आवाज मिठागरावरून सरळ येत होता आणि गाडीला फिरून यावं लागत होतं. टँकर हलवून पत्ते वाटायला तेवढा वेळ पुष्कळ.

तो आवाज मला नवा नव्हता. दोनदा गाडी गॅरेजला दाखवली होती, दोन्ही वेळा स्टिअरिंगचं ऑइल भरून परत दिली. ऑइलचं नाही, असं मी तेव्हाही म्हणत होतो.

ठाण्यात येऊन साहेबांना म्हटलं, प्रस्तावावर सही करण्याआधी जरा आवारात या. त्यांच्यासमोर इंजिन बंद ठेवलं, चाकांना दगड लावले आणि त्याच शिपायाला स्टिअरिंगवर बसवलं. मी पुढच्या चाकामागे हात घालून आडवा झालो. त्याला म्हटलं, जोर लावून फिरव. इंजिन बंद असूनही गाडी कण्हली, म्हणजे दोष इंजिनवर चालणाऱ्या स्टिअरिंगच्या पंपाचा नव्हता आणि पट्ट्याचाही नव्हता. मग एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेलो. चाक ज्या गोळ्यावर वळतं त्या खालच्या बॉल जॉइंटवर हात ठेवला आणि आवाजाबरोबर तो हाताखाली थरथरला. साहेबांना म्हटलं, हात लावून बघा. ते इस्त्रीच्या कपड्यांत खाली बसले आणि त्यांनी हात लावला. उठताना शिपायाकडे पाहिलं.

बोईसरच्या गॅरेजमध्ये जॉइंट खोलला. वरचं रबर फाटलेलं, ग्रीस धुऊन गेलेलं, आत खाऱ्या पाण्याचा गंज. मिस्त्री म्हणाला, "अंदर तो पूरा सूखा है, चाचा." दोन्ही बाजूंचे जॉइंट नवे टाकले, अलाइनमेंट केलं आणि मी मैदानात गाडी दोन्ही अंगांनी पूर्ण वळवून पाहिली. आवाज नाही.

पुढच्या खबरीला मोरीवर वळलो तेव्हा गाडीतला एकही माणूस श्वास घेत नव्हता. शेडपाशी पोचलो तर पाइप अजून टँकरच्या टाकीतच होता. शिपायाने पहिली उडी मारली. गुन्हा दाखल करताना साहेबांनी सरकारतर्फे फिर्यादी म्हणून त्याचंच नाव घातलं. आमच्या खात्यात साहेब यापेक्षा मोठी माफी मागत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण काही दिवसांनी मावशी मलाच ओरडली. तिचा मुलगा बोटीवर असायचा, घरी दोघी बायकाच. म्हणाली, "राती गस्तीला तुजी गाडी वरडली का आमाला धीर यायचा. आता तुमी आला का गेला, काय कलत नाय."

एकाच आवाजाने चोर सावध व्हायचे आणि मावशीला झोप लागायची. पोलिसाने कधी गुपचूप जायचं आणि कधी ऐकू येईल असं जायचं, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. त्यानंतर छाप्याला मी मोरीवरून मुकाट जायचो. साध्या गस्तीला मात्र वळणावर हॉर्न द्यायचो.

आता आमचा वेगळा जिल्हा झाला, कोळगावला त्याचं मोठं मुख्यालय उभं राहिलं, गाड्या नव्या आल्या. मावशीही राहिली नाही. तो शिपाई आज हवालदार आहे, गस्तीची गाडी त्याच्याकडे असते. परवा त्याचा फोन आला तेव्हा विचारलं, मोरीवर हॉर्न देतोस का?

"देतो ना दादा," तो म्हणाला. "नाय दिला तर मावशीची सून रागावते."