पेन ड्राइव्हची शुद्धी

इंदिरानगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपीचं काम करायचे. पत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायची आणि फाइल छापायला प्रेसवर पाठवायची, एवढाच धंदा. आधी फ्लॉप्या न्यायचे. एका फ्लॉपीत गणपतीचं चित्रही धड मावायचं नाही, आणि प्रेसवर पोहोचेपर्यंत एखादी हमखास रुसायची. मग पेन ड्राइव्ह आला. मी एकच घेतला आणि त्यात शिस्तीत दोन फोल्डर केले, ‘लग्न’ आणि ‘दहावा’. नाशकात डीटीपीवाल्याला तिसऱ्या फोल्डरची फारशी गरज पडत नाही. लग्नं तिथीवर अवलंबून असतात. दशक्रियेला मात्र गोदावरीवर बारा महिने लोक येतात.

दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार मुलीच्या लग्नाची पत्रिका करून घेत होते. शेवटची तपासणी करायला ते आईला घेऊन आले. पहिली पत्रिका दुसऱ्या दिवशी सकाळी चांदवडला, त्यांच्या कुलदेवीपुढे ठेवायची होती. आमच्याकडे चार वाजता लोडशेडिंगची वीज जायची. त्याआधी फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून त्यांच्या हाती दिली, तर सातपूरच्या प्रेसमध्ये संध्याकाळपर्यंत छापून मिळणार होती. नाहीतर देवीपुढे रिकाम्या हाताने जायचं.

आजींनी पत्रिका सावकाश वाचली, निमंत्रकांत राहिलेला एक चुलतभाऊ घालायला लावला आणि होकार दिला. मी पेन ड्राइव्ह जोडला आणि घाईत भलताच फोल्डर उघडला. हार घातलेले म्हातारे ओळीने पडद्यावर आले आणि आजींकडे बघू लागले.

“ही कोण माणसं?”

“गेलेली,” मी म्हणाले. मला फिरवून बोलता येत नाही.

“आन् माझ्या नातीचं लग्न ह्यांच्यात बसवती का?”

“त्यांचं फोल्डर वेगळं आहे, आजी. खोल्या वेगळ्या आहेत.”

“घर एकच ना? सुतक काय खोली बघून लागतं का?”

“आई, कॉम्प्युटर हाय तो,” मुलगा म्हणाला.

“तू गप. बागेवर फवारा कधी मारायचा, तेवढं बघ.”

तीन वाजून गेले होते. मी म्हणाले, “पुसून टाकते सगळे.”

“पुसल्यावर कुठं जातील?”

“कुठंच नाही. नाहीसे होतील.”

“कावळा शिवल्याबिगर?”

खरोखर पुसणं मलाही परवडणारं नव्हतं, कारण त्यातल्या एकांचा दहावा परवावर आला होता आणि पत्रिका छापायची होती. मी सगळ्यांना उचलून माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलं.

“आता तुझ्या घरात आले की,” आजी म्हणाल्या. “तुला चालंल?”

“मला सगळे चालतात. माझं पोट त्यांच्यावर आहे.”

पेन ड्राइव्ह रिकामा झाला, पण बाटला तो बाटलाच. आजींनी पिशवीतून गोमूत्राची बाटली काढली. मी पेन ड्राइव्हवर हात धरला.

“हा ओला झाला तर लग्नही जाईल, आजी. याची शुद्धी आतून करतात.”

मी फॉरमॅटचं बटण दाबलं. वेळ नव्हता म्हणून झटपट होणारं निवडलं. पडद्यावरची हिरवी पट्टी क्षणात भरली.

“झालं पण? तांब्याभर पाणी बी नाय वतलं.”

मग सावकाश होणारं फॉरमॅट लावावं लागलं. पट्टी मुंगीच्या चालीने निघाली. आजींनी डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले. मुलगा घड्याळाकडे बघत होता, मी विजेच्या मीटरकडे. पट्टी भरल्यावर मी रिकामी खिडकी आजींना दाखवली, लग्नाची पत्रिका एकटीच आत घातली आणि पेन ड्राइव्ह त्यांच्याच मुठीत दिला. गोमूत्र वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते माझ्यावर शिंपडलं. त्यांची जीप गल्लीच्या टोकाला पोहोचली नसेल, तोच वीज गेली.

वीज आल्यावर मी दहाव्याची पत्रिका सीडीवर घालून त्याच प्रेसला पाठवली. दोन्ही पत्रिका एकाच मशीनवर छापल्या. आजींनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी मायलेक पेन ड्राइव्ह परत करायला आले. आजींनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

“देवीपुढं ठेवली पत्रिका. लय समाधान झालं. आता माझं ऐक. माझा दहावा येईल तवा मला लग्नाच्या खोलीत घाल. त्या बाप्यांच्या रांगेत मला नाय बसायचं.”

“घालते,” मी म्हणाले. “फोटो मात्र आताच चांगला काढून ठेवा. घरचे ऐन वेळी रेशनकार्डावरचा घेऊन येतात.”

आजींनी मुलाकडे वळून पाहिलं. तो चपला शोधायला लागला.

“चल,” त्या म्हणाल्या, “हितं स्टुडिओ कुठं हाय?”