सात नंबरचा बेड

"सात नंबरचा बेड चावतो," असं वॉर्डात तीन दिवस चाललं होतं. मला ते कळलं गुरुवारी सकाळी. पेशंट रविवारी वारला होता, खोली रिकामी होती, आणि साफसफाईच्या बायका आत पाऊल टाकायला तयार नव्हत्या.

मी म्हैसूरच्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून सगळ्यांच्या मागे भुणभुण लावणारी बाई. ड्युटीच्या वेळात मी भुतांना मोजत नाही. तणतणतच आत गेले.

खिडकीतून ऊन येत होतं. चादर ताणलेली, पांढरीशुभ्र. हात न लावता मी स्टीलच्या ट्रेच्या कडेने गादी दाबत गेले. उशीपासून वीतभर खाली चादरीतून एक बारीक टोक वर आलं. ट्रे उचलला, तसं ते आत गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. मला शहारा आला. कुणी माणूस वाकायचीच ते वाट बघत होतं, असं वाटलं.

ती इंजेक्शनची सुई होती. इमर्जन्सीत हात मोकळा करायला कुणीतरी वापरलेली सुई गादीत खुपसली आणि विसरलं. वापरलेली सुई टोचली तर त्यातल्या रक्तातून एचआयव्ही, कावीळ, काहीही येऊ शकतं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दोन तासांत द्यायच्या, फार तर बहात्तर. पुढे उपयोग नाही.

"ही कुणाला टोचली?" मी वॉर्डच्या सिस्टरला विचारलं.

"सफाईच्या सुमित्राक्काला. सोमवारी सकाळी दहाला. नंतर सगळ्यांनी शोधली, दिसली नाही. म्हणून तर चावतो म्हणतात."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तिनेच सांगितलं की तुम्हाला, मॅडम."

मग आठवलं. सोमवारी जिन्यात सुमित्राक्का मला म्हणाली होती, "सिस्टर, बोटाला सूजी लागली." ती पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मराठी शिंप्यांच्या घरातली. कन्नडमध्ये सुईला सूजी म्हणतात, आणि यांच्या मराठीतही तेच. मी सांगलीची. कन्नड बाईने सूजी म्हटलं असतं तर मी धावत सुटले असते. ही मराठीत बोलली, म्हणून मी सूज ऐकली. "बर्फ लावा," म्हणाले आणि पुढे गेले. शिंप्याच्या घरात सुई रोजच टोचते, तिनेही मनावर घेतलं नाही.

सुपरिंटेंडेंट विचारू लागले, "तिने रिपोर्ट का केलं नाही?"

"केलं होतं सर. मला."

रविवारच्या पेशंटचं रक्त तपासायच्या आतच तो गेला होता. एच. डी. कोट्याला, त्याच्या गावी, दहनही झालं होतं. म्हणजे सुईवर काय होतं ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. सुमित्राक्काची त्या गुरुवारी सुट्टी होती. डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या आणि स्कूटरवरून हूटगळ्ळीला तिचं घर गाठलं. एकाहत्तरावा तास चालू होता. पहिली गोळी तिने दारातच उभ्याने घेतली.

अठ्ठावीस दिवस गोळ्या. उलट्या, चक्कर, तरी कामावर यायची. मी सगळं समजावलं होतं: गोळी चुकवू नका, रक्तदान नको, नवऱ्याशी जपून. सहा महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी पेढे घेऊन गेले.

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "आता नातीला माझ्या ताटातलं भरवू ना, सिस्टर?"

"म्हणजे? भरवत नव्हतात?"

"सहा महिने जवळ नाही घेतली तिला. रडायची पोर. मी आतून कडी लावायची."

जेवणाने, मिठी मारल्याने काही होत नाही, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. नर्सला कळतं ते सगळ्यांना कळतं, असं मी धरून चालले होते. सुई टोचल्याच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. आता कुणाला सुई टोचली की मी आधी गोळी देते, मग विचारते, घरी लहान मूल आहे का. फॉर्म त्यानंतर.