रद्द झालेलं विमान आणि न आलेले नाश्त्याचे डबे

ते प्रकरण आठवलं की माझं डोकं अजूनही तापतं. खून नाही, दरोडा नाही, रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी बड्या बड्या गुन्ह्यांनी दिला नसेल इतका वैताग त्या एका सकाळीने दिला.

इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि खासगी विमान कंपन्या येत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मी ज्या ठाण्याचा प्रभारी होतो, त्याच्या हद्दीत विमानतळ होता. तोवर तिथलं आमचं काम म्हणजे मंत्री आले की बंदोबस्त. कंपन्या आल्या आणि भांडणं सुरू झाली. उड्डाण रद्द झालं की प्रवासी काउंटरवर ओरडायचे, कंपनी आम्हाला बोलवायची, आणि ज्याने तिकीट काढलं त्यालाच आम्ही 'शांत राहा' म्हणून दम द्यायचो. आपल्याला काय मिळायला हवं हे त्यांनाही ठाऊक नसायचं आणि आम्हालाही.

त्या दिवशी रोजनामचा लिहायला बसलो होतो, तेवढ्यात अशाच एका कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. मुंबईच्या विमानात बाँब आहे, असं कुणीतरी त्याला फोनवर कळवलं होतं. विमान रात्रभर इथेच उभं होतं. आम्ही पळत गेलो, महूच्या लष्करी छावणीतून बाँबशोधक पथक बोलावलं, सगळं सामान उतरवून मैदानात मांडलं. लोणच्याच्या बरण्या आणि शेवेची पाकिटं यांपलीकडे काही निघालं नाही. विमान निर्धोक ठरलं. तरी मॅनेजरने जाहीर केलं की सुरक्षेच्या कारणाने उड्डाण रद्द. आणि तेच विमान, एकही प्रवासी न घेता, दिल्लीला उडून गेलं. म्हणे, आणखी तपासणी करायची आहे.

वरिष्ठांचे फोनवर फोन. "कोई नाम चाहिए, आज के आज." मॅनेजरने नाव तयारच ठेवलं होतं. आदल्या दिवशी तिकीट पक्कं करायला आलेला एक माणूस विमान वेळेवर जाईल ना यावरून कंपनीच्या तुकोगंजच्या ऑफिसात भांडून गेला होता. "बघतो तुमचं विमान कसं उडत नाही ते," असं म्हणाला होता. बंद पडलेल्या मिलमधला युनियनचा कार्यकर्ता. एवढं ऐकल्यावर वरिष्ठांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. त्यांच्या हुकमाने त्याला विमानतळावरूनच उचलून ठाण्यात आणलं.

पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, छातीशी पाण्याची बाटली. मी चौकशी सुरू केली.

"काका, काल धमकी दिली होती का?"

"धमकी? साहेब, मी म्हटलं, विमान उडलंच पाहिजे. उडू नये असं कुठे म्हटलं? माझी पोरगी बसणार होती त्यात. नर्स आहे. गल्फच्या दवाखान्यात नोकरी लागली, दोन वर्षांचा करार. उद्या सकाळी मुंबईहून तिचं पुढचं विमान आहे. ते चुकलं तर व्हिसा खलास. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. आता तुम्हीच सांगा भिया, स्वतःच्या पोरीच्या विमानात बाँब आहे असं कोणता बाप सांगेल?"

कोणताच नाही. हे हवालदारालाही कळलं, मलाही कळलं, फक्त वरिष्ठांना कळेना. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, ती अशी फोनवरून देतात.

मी चिडून विमानतळावर परतलो. पथकातले जवान सकाळपासून उपाशी होते. मॅनेजरला म्हटलं, "प्रवासी तर गेले नाहीत. त्यांच्या नाश्त्याचे डबे या पोरांना द्या."

तो गडबडला. "डबे... आज आलेच नाहीत, साहेब."

हे डबे तुकोगंजच्या एका हॉटेलातून यायचे. इंदूरात सूर्य उशिरा उगवेल, पण सकाळचा नाश्ता उशिरा होणार नाही. मी जीप काढून हॉटेल गाठलं आणि मालकावरच डाफरलो. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहबजी, मॅनेजर साब खुद कल शाम को आए थे. बोले, कल का नाश्ता मत बनाना, फालतू में माल बिगड़ेगा. बहुत भले आदमी हैं."

बाँबची खबर आज सकाळची, आणि नाश्ता बंद काल संध्याकाळी! शिवाय तो निनावी फोन मॅनेजरखेरीज दुसऱ्या कुणीच ऐकलेला नव्हता. काखेत कळसा होता आणि आम्ही लोणच्याच्या बरण्या हुंगत होतो.

मॅनेजर आपल्याच गावचा, मराठी, टायवाला. त्याला समोर बसवून हॉटेलमालकाचे शब्द ऐकवले. त्याने पाणी मागितलं आणि सगळं सांगून टाकलं. दिल्लीच्या कुठल्याशा बड्या लग्नासाठी ते विमान आख्खं ठरवलं गेलं होतं. वरून हुकूम आला, उड्डाण रद्द करा. पण कंपनीच्या कारणाने रद्द केलं तर कंपनीच्याच नियमाप्रमाणे प्रवाशांना मुक्काम, जेवण आणि पोचण्याची दुसरी सोय द्यावी लागते. सुरक्षेच्या कारणाने रद्द झालं तर काही द्यावं लागत नाही. म्हणून हा बाँब.

"आणि नाश्ता कशाला बंद केलास?"

"साहेब, मालक ओळखीचा आहे. गरम पोहे, ताजी जलेबी... सगळं फेकावं लागलं असतं. जिवावर आलं."

"आणि इतकी माणसं इथे फेकलीस, ते जिवावर नाही आलं?"

इंदूरचा माणूस माणसाला ताटकळत ठेवील, पण जलेबी शिळी होऊ देणार नाही. माझ्या संतापाला त्या क्षणी हसूही फुटत होतं, याचा मला आणखीनच राग आला.

मी त्याच्याकडून मुख्य कार्यालयाला फोन लावून घेतला आणि प्रवाशांची सोय करायला लावली. काकांच्या मुलीसाठी मुंबईपर्यंत टॅक्सी आली. रस्ता लांबचा, मानपूरनंतर घाट, ट्रकांची रांग. आत्ता निघाली तरच पोचणार होती. पण तिचे वडील अजून ठाण्यात, आणि त्यांना सोडायचा हुकूम ज्यांनी द्यायचा ते वरिष्ठ कुठल्याशा बैठकीत. फोन घेईनात.

मुलगी टॅक्सीचं दार धरून उभी राहिली. "बाबांना सोडल्याशिवाय मी नाही जाणार. त्यांनी काय केलंय, साहेब?"

मी काउंटरवरून ठाण्याला फोन लावला आणि तिला दिला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तू नीघ बेटा. मी एकदम मजेत आहे. साहेबलोकांनी चहा पाजला. पोचलीस की फोन कर." ती "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिली. टॅक्सी गेली. तासाभराने हुकूम आला आणि ते सुटले. ती मुंबईला वेळेत पोचली.

बाकीच्या प्रवाशांना मी जबाब लिहून द्या म्हणून विनवलं. "जाने दो ना भिया, हॉटेल तो मिल गया," म्हणत एकेक जण पसार झाला. मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला, हुकूम देणारे मात्र वर सुरक्षित राहिले. या प्रकरणाने मला एक शिकवलं. आपल्या हक्काचं मागणारा माणूस आपल्याकडे आधी भांडखोर ठरतो, मग संशयित. खरं तर त्याच्याच भांडणावर बाकीच्यांना हॉटेलं मिळतात.

कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात गेले ते एकटे त्या मुलीचे वडील. मी साक्षीला होतो. कंपनीच्या वकिलाने त्यांना हसत विचारलं, "मुलगी पोचली, नोकरीही लागली. मग तुमचं नुकसान नेमकं काय झालं?"

ते म्हणाले, "वकीलसाहेब, माझी पोरगी दोन वर्षांसाठी परदेशी गेली, आणि तिला निरोप देताना मी ठाण्यातल्या बाकड्यावर होतो. हे तुमच्या कोणत्या नियमात बसतं, तेवढं सांगा."

अध्यक्षांनी लेखनिकाला ते उत्तर जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं.