आंबट द्राक्षांची पहिली पाटी

“कात्र्या खाली ठेवा म्हनतो ना! एक घड जरी तुटला तर बघा!”

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज असा लागला की पार पारगावच्या शिवारात ऊसतोडीवाल्यांनी हातातले कोयते खाली ठेवले. महाळुंगे पडवळच्या आमच्या बागेत ती फेब्रुवारीतली सकाळ होती. काढणीला आलेल्या बाया कात्र्या धरून उभ्या होत्या आणि आबांनी ओळींच्या तोंडाशी आडवी बाज टाकून वाट अडवली होती.

“आबा, आजच काढावी लागतील,” माझी मुलगी म्हणाली. तिच्या हातात गोडी मोजायची नळी होती. तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि दुर्बिणीसारखी डोळ्याला लावायची.

“आंबट हाईत.”

“आंबटच पाहिजेत.”

आमचं घराणं थोडं सांगतो. बाग लावली आजोबांनी. रासायनिक औषधं बंद केली आबांनी, आणि तीही अशी की पाठीला पंप असलेला माणूस दिसला तर त्याला वेशीवरूनच वळवत. फसफसणाऱ्या वाइनचं खूळ माझं. पहिल्या वर्षी बाटल्यांत साखर जरा सढळ हातानं पडली आणि उन्हाळ्यात शेडमध्ये एकेक बाटली तोफेसारखी उडू लागली. शेजाऱ्यांना वाटलं, बिबट्याला हाकलायला फटाके लावलेत. बिबट्यालाही तसंच वाटलं असावं. तो जो जुन्नरकडे गेला, तो दोन वर्षं आमच्याकडे फिरकला नाही. जुन्नरचे सोयरे अजून त्यावरून टोमणे मारतात.

मुलगी मात्र हे काम रीतसर शिकून आली. तिनं जुन्या वेली काढून वाइनच्या जातीची नवी लागण केली, वेली धरेपर्यंत कळ काढली आणि हे तिचं पहिलं पीक. या वाइनसाठी द्राक्षं पुरती गोड व्हायच्या आत तोडावी लागतात. आंबटपणा उतरला की वाइनची चव मेलीच. उन्हं अशी तापली होती की दोन दिवस थांबलं असतं तर तिचं वर्ष हातचं गेलं असतं.

आबांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. आमच्यात काढणीची पहिली पाटी घरोघर वाटतात. ती वाटून झाल्यावरच बाकीच्या बागेला कात्री लागते.

“आजवर माज्या हातचं द्राक्ष कुनी थुकलं न्हाई,” आबा म्हणाले. “आता ही वाटू? लोकं म्हनतील, म्हातारा येडा झाला.”

“मग या वर्षी नका वाटू.”

“न वाटता काढनी? ती मी गेल्यावर करा.”

मुलगी नळीची काच पुसायला लागली. ती रडत नाही, काच पुसते. ते मला बघवेना. मी एक मणी तोंडात टाकून पाहिला, तर माझा डावा डोळा मिटला तो दुपारपर्यंत उघडला नाही. तशाच एका डोळ्यानं गाडीला किक मारली आणि पिंपरी पेंढारला मेव्हण्याच्या बागेत गेलो. रस्त्यातले खड्डे निम्मेच दिसले, म्हणून लवकर पोचलो. तिथून गोड, लांबट मण्यांची पाटी भरून आणली, वर आमच्या वेलींची पानं पसरली आणि आबांपुढे ठेवली.

“ही घ्या. कडंच्या ओळीची. तिकडं ऊन जास्त लागतं.”

आबांनी एक मणी उचलला, धोतराला पुसला, नाकाशी धरला आणि परत ठेवला.

“पावन्यांच्या बागेतली ना?”

बायांत खसखस पिकली. एक म्हणाली, “भाऊ, पानं तेवढी आपली हाईत.”

“आंबट दिलं तर लोकं त्वांड वाकडं करतील,” आबा म्हणाले. “पन औषध मारल्यालं आपलं म्हनून वाटू?” ते बाजेवरून उठले आणि नातीकडे वळले. “तोड पोरी एक पाटी. जरा बरे घड बघून.”

“सगळे सारखेच आंबट आहेत, आबा.”

“मग सारखेच तोड.”

पाटी माझ्या खांद्यावर आली आणि आबा पुढे चालू लागले. प्रत्येक दारात ते आधीच सांगून टाकत, “लई आंबट हाय, पन आपल्याच बागेतलं हाय.” शेजारच्या काकूंनी मणी चावला, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून दावणीची म्हैस मागं सरली. गुरुजींनी भिडेखातर अख्खा घड संपवला आणि पुढचं सगळं बोलणं मानेनंच केलं. थुंकलं मात्र कोणी नाही. निदान आम्ही समोर असेपर्यंत तरी.

परत आलो तेव्हा बाया तशाच थांबल्या होत्या. मुलीनं पुन्हा नळी डोळ्याला लावली, मान हलवली आणि सगळ्या ओळींत एकदम कात्र्या वाजू लागल्या. शेवटचा क्रेट शेडमध्ये गेल्यावर तिनं आबांना पाण्याचा तांब्या दिला आणि भीत भीतच विचारलं, “लोक काय म्हणाले?”

आबांनी सावकाश पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

“लोनच्याला बरी हाईत म्हनले. अजून एक पाटी मागं ठेव.”