खोलीपुरतं लग्न

पुतणी म्हणाली, "काका, बल्गेरियाचे किस्से लिहून काढा." सातवी नापास म्हातारा, त्याला पेन धरायला लावलंन. जहाजाच्या तळाला कालवं चढतात तसे किस्से चढतात. खरवडायचं मात्र ज्याचं त्याने.

*

आमचं जहाज वार्ना बंदरात दुरुस्तीला पडलं होतं. तिथे तेव्हा कम्युनिस्टांचं राज्य. यार्डात पेटको क्रेन चालवायचा, स्टोयान वेल्डर. दोघांचं एकमेकांवर प्रेम, पण राहायचे हॉस्टेलात, घोरणाऱ्यांच्या गर्दीत. फ्लॅट फक्त लग्न झालेल्यांना.

पेटको मोडक्या इंग्लिशीत म्हणायचा, "सरकार सगळ्यांना सारखं देतं. दाराला आतली कडी तेवढी नवरा-बायकोला."

हे तो मला आणि जहाजावरच्याच माझ्या यासीनला सांगायचा. त्याने आम्हाला बरोबर ओळखलं होतं. आमच्या जहाजावर तेवढी अक्कल कोणाला नव्हती.

*

मग त्यांनी लग्नं केली, दोन नर्सबायकांशी. लिलियाना आणि राडका, त्यांचंही एकमेकींशी तसंच. एकाच दिवशी दोन लग्नं, एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. आत कोण कोणाच्या घरात, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पेटकोच्या लग्नात सरकारी बाईने कुटुंबावर लांबलचक भाषण ठोकलं. शेवटी म्हणाली, "आता मुका घ्या." साक्षीदार म्हणून उभा असलेला स्टोयानच पुढे सरला आणि पेटकोचा मुका घेतलान.

मी आणि यासीन दाराकडे सरकलो. बाईने डोळे पुसले. "मैत्री असावी तर अशी!"

सरकारी डोळे. पाणी काढण्यापुरतेच.

*

तळमजल्यावर कमिटीची म्हातारी. कोण कुठे जातं ते वर कळवायची. तिने कळवलंन, दोन्ही नवरे एकाच घरात असतात. साहेब तपासायला आले. एका घरात नवरे सोंगट्या खेळत होते, दुसऱ्यात बायका विणत होत्या.

साहेबांनी चौघांचा फोटो जिन्यात लावला. खाली लिहिलं, "आदर्श शेजारी". काच पुसायचं काम म्हातारीला दिलं.

*

गणपत सारंग म्हणजे आमच्या खलाशांचा मुकादम, सावर्ड्याचा. एकदा आमच्याबरोबर पेटकोकडे जेवायला आला. चौघांना न्याहाळून माझ्या कानात म्हणाला, "ह्यांचं काय खरं दिसत नाय. आपल्या रत्नागिरीत असलं नसतं बाबा."

"नसतं ना," मी म्हटलं. यासीन माझ्याच ताटात जेवत होता. माशाचे काटे काढून माझ्या बाजूला सारत होता.

*

जहाज सोडल्यावर मी आणि यासीन रत्नागिरीत एका घरात राहिलो. जन्मभर. गेल्या उन्हाळ्यात यासीन गेला.

सारंग भेटायला आला. चहा मीच केला, पांचट झाला. एक घोट घेऊन म्हणतो, "असा नोकर परत मिळायचा नाय हो तुला. पगार काय द्यायचास?"

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि दार दाखवलं. उंबऱ्यावरून विचारतो, "अरे, मी वाईट काय बोललो?"

माफी अजून आलेली नाही. गणपत सारंग, मुक्काम सावर्डे.