भावाची माती

माझा धाकटा भाऊ फौजेत नर्सिंग असिस्टंट होता, पण नेकनूरमध्ये त्याला तसं कुणी म्हटलं नाही. गावाला तो डॉक्टर. सुट्टीवर आला की आमच्या किराणा दुकानासमोर म्हाताऱ्यांची रांग लागायची. कुणाचा गुडघा, कुणाचं बीपी. आई गल्ल्यावरून करवादायची, "गिऱ्हाईक कोणतं अन् पेशंट कोणता, कळंना गेलंय मला." तो हसायचा आणि पट्टी बांधत राहायचा.

मग वर बर्फातल्या डोंगरांत लढाई झाली. जखमी जवानांना उचलायला तो पुढं गेला, तोफांच्या माऱ्यानं कडा कोसळला, शोधाशोध झाली, सापडला नाही. घरी आलेल्या साहेबांनी एवढंच सांगितलं. त्याची ट्रंक तेवढी आली.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. शेतात खड्डा खणून त्याला मांडी घालून बसवतात, जन्मभर गळ्यात घातलेलं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवतात आणि मग माती देतात. आता माणूसच नाही, तर माती द्यायची कुणाला? भावकीनं त्यावर तोड काढली. आमच्या घरची सगळी कार्यं करणारे स्वामी म्हणाले, त्याचे कपडे ठेवू, नवं लिंग ठेवू, विभूती-बेल वाहू. वडलांच्या समाधीशेजारी खड्डा खणून झाला, गाव जमलं, आणि आई काठावर येऊन उभी राहिली.

"ह्यात बसणार कोण?" तिनं विचारलं. "त्याचं लिंग त्याच्या गळ्यात हाय. एका माणसाला दोन कावून?"

आईनं तो रिकामा खड्डा गड्याकडून तिथंच बुजवून घेतला आणि दुकान उघडायला घरी गेली.

मी लई भांडले तिच्याशी. सासरहून आले की आमचं हेच. "आई, गेलाय तो. मान्य कर एकदा. मातीचं काय करायचं ते करू दे आम्हाला." त्यावर ती म्हणायची, "तुला लई घाई झाली गं." ती काही दारात वाट बघत बसायची नाही, दुकान चोख चालवायची. फक्त तिनं सण केला नाही, दुखवटाही पाळला नाही. स्वतः रडली नाही आणि आम्हालाही रडू दिलं नाही. राग यायचा मला. माझाही भाऊ होता की तो!

अशी कितीतरी वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याकडचा एक माणूस काठी टेकत दुकानात आला. फौजेतून निवृत्त झालेला. भावानं शेवटची पट्टी बांधली होती ती याच्या पायाला. मी नेमकी माहेरीच होते. आईनं त्याला चहा दिला, पंखा त्याच्याकडं वळवला.

"मला खाली न्यायला लागले, तवा मी मागं बघत व्हतो, मावशी," तो म्हणाला. "आणखी एक पोरगं व्हतं, पोटात लागलेलं. त्याला हलवता येईना. म्हणून डॉक्टर त्याच्यापाशी थांबला. मग वरनं सगळं खाली आलं."

आईनं पदराला हात पुसले. "तो उभा होता का बसलेला?"

त्याला प्रश्नाचा रोख कळला नाही. आमच्या चालीरीती त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. "बसलेला," तो म्हणाला. "मांडी घालून. त्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं व्हतं त्यानं."

आईनं गल्ला बंद केला. मग म्हणाली, "म्हंजी झाली त्याची माती. नीट झाली." आणि तिथंच साखरेच्या पोत्यावर बसून, गिऱ्हाइकांसमोर, ती मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर मला म्हणाली, "जा, स्वामींना बोलाव. त्याच्या नावानं जेवण घालायचं हाय."

मी चप्पल घालून निघाले. एवढी वर्षं मीच तिच्या कानीकपाळी ओरडत होते की तो गेलाय. पण घरात एक माणूस ते मानत नव्हतं, म्हणून मला खुशाल ओरडता येत होतं. आता तसं कुणी उरलं नव्हतं. स्वामींनी दार उघडलं, काय काम काढलं म्हणून विचारलं. आमचा भाऊ गेला, एवढं काही मला म्हणता येईना.