बशीखालची वाफ

आमचे हे हॉटेलच्या बारमध्ये कामाला, आणि बावीस वर्षांत दारूचा थेंब जिभेवर ठेवला नाही, असं सांगितलं की लोक तोंड फिरवून हसायचे. हसा बापडे! मी त्याच हॉटेलात, बारच्या मागच्या खोलीत फाटक्या चादरी शिवत बसायचे. मला सगळं दिसायचं.

थंडी पडली की गिऱ्हाइकं यायची ती ह्यांच्या गरम रमसाठी. कार्डावर तिचं काहीतरी लांबलचक नाव होतं, पण सगळे ‘रजई’ म्हणायचे. “मामा, एक रजई द्या,” असं कुणी म्हटलं की ह्यांचा सोहळा सुरू. आधी रिकामा पेला कढत पाण्याने शेकायचा. मग त्यात मध, लिंबाच्या सालीची पट्टी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. वर उकळी बसलेलं पाणी, खळखळतं नाही. रम सगळ्यात शेवटी, नाहीतर तिचा जीव उडून जातो म्हणे. वाटाण्याएवढं लोणी टाकायचं आणि पेल्यावर बशी झाकायची. जरा वेळाने बशी उचलून नाक खाली न्यायचं. रम टोचली तर बशी परत खाली. दालचिनी पुढे आणि रम मागे असा वास आला की मगच पेला गिऱ्हाइकापुढे.

चव मात्र कधी घ्यायचे नाहीत. त्याला कारण होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. मुलगी पाच वर्षांची असताना तिला शाळेतून आणायचं काम ह्यांच्याकडे होतं. हे पिऊन बागेतल्या बाकावर आडवे. पोरगी दिवे लागेपर्यंत शाळेचं फाटक धरून उभी होती, रडायचीही थांबली होती. त्या दिवशी ह्यांनी बाटली मोरीत ओतली. “पुन्हा जिभेला लावली तर मला घराबाहेर काढ,” म्हणाले. आणि पाळलं हो, अक्षरशः पाळलं.

गेल्या पावसाळ्यानंतर ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. अत्तर नाही, रॉकेल नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कुठला येतोय!

थंडी सुरू झाली आणि पेले परत यायला लागले. कुणाला रम नाकात जाई, कुणाला नुसतं लवंगेचं पाणी लागे. धाकटे मालक, मिसरूड फुटल्यापासून ह्यांना मामा म्हणणारे, तेच म्हणाले, “मामा, महिनाभर बघतो. नाही जमलं तर गरम पेयांचं मशीन घेतो. तुम्ही फाटकावर बसा.”

हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्या काउंटरशिवाय ह्या माणसाकडे होतं काय? मी म्हटलं, वास मी घेते. दोन दिवस शिवण टाकून बशीखाली नाक घातलं, तर धाकटे मालक गिऱ्हाइकांदेखत ओरडले, “चादरीवालीचं इथे काय काम?” मग बशी किती वेळ झाकायची ते आकडे मोजून ठरवायचं पाहिलं. पण एका पेल्याला चाळीस लागत, दुसऱ्याला सत्तर. छे!

तेव्हा मीच बोलले. मीच. “अहो, चमचाभर चाखून बघा. पोटासाठी चाखणं वेगळं आणि पिणं वेगळं.”

“नको गं,” हे म्हणाले. “मला नको सांगूस ते.”

मी हट्टाला पेटले. काउंटर जाईल म्हटलं, मीच सोडते तुम्हाला शब्दातून म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय!

ह्यांनी चाखली. जिभेला काही कळलं नाही, घशाला कळलं. किती भाजतं त्यावरून रम जुळायला लागली. पेले परत येणं थांबलं, धाकटे मालक खूष. मी तर दोन आठवडे मिरवत होते, माझ्या अकलेनं काउंटर वाचला म्हणून.

संध्याकाळचे पंधरा पेले म्हणजे पंधरा चमचे. मग चमच्याचा घोट झाला, आणि घोटाचा पेला. एक दिवस हे काउंटरमागेच खाली बसले, उठेचनात. मशीन आलं. आणि प्यायलेल्या माणसाला फाटकावर तरी कोण बसवणार?

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आई, तू सांगितलंस? तू?” त्यानंतर तिनं फोन केला नाही. नातीला तर आता इकडे आणणारच नाही, आणि मी कोणत्या तोंडाने बोलावू?

आता हे रोज साडेसहाला घरीच मांडामांड करतात. पेला शेकतात, साल सोलतात, बशी झाकतात. मग बशी उचलून पेला माझ्यापुढे धरतात. “बघ गं, झाली का?”

पहिल्या दिवशी मी “नाही” म्हटलं. ह्यांनी बशी परत झाकली. जरा वेळाने परत विचारलं, मी परत “नाही” म्हटलं. दहा वेळा तरी विचारलं असेल. शेवटी पार थंडगार झालेली, वर लोण्याची साय धरलेली, तशीच प्यायले.

आता मी “झाली” म्हणते. निदान गरम तरी पितात.